कर्लिंगमधली अजिंक्यपदं आणि त्यामागची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्लिंगपटूंच्या कारकिर्दीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे हळूहळू नियमांच्या खाचाखोचांत शिरतात. एक गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कर्लिंग हा खेळ थोडक्यात काय आहे?

बर्फाच्या सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद पट्टीला शीट म्हणतात. तिच्या एका टोकाकडून ग्रॅनाइटचा दगड घसरवत सोडायचा आणि पलीकडच्या रंगीत वर्तुळांत, म्हणजे हाउसमध्ये, मध्यबिंदूच्या जितकं जवळ थांबवता येईल तितकं थांबवायचं. हाउसचा व्यास ३.६६ मीटर असतो, दगडाचं वजन १७.२४ ते १९.९६ किलो. संघात चौघे असतात आणि प्रत्येक जण दोन दगड टाकतो, त्यामुळे एका एंडमध्ये, म्हणजे एका डावात, दोन्ही संघांचे मिळून १६ दगड होतात. एंड संपला की ज्याचा दगड मध्याला सर्वांत जवळ त्या एकाच संघाला गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा त्याचे जितके दगड आत, तितके गुण. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकचा सामना १० एंडचा असतो, ग्रँड स्लॅम स्पर्धांचा ८ एंडचा.

२. दगड सुटल्यावर पुढे ब्रश घासत पळतात, त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि भरपूर. शीट आरशासारखी गुळगुळीत नसते. सामन्याआधी तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात, त्यांना पेबल म्हणतात. दगड या उंचवट्यांवरून सरकतो, आणि तोही पूर्ण तळाने नाही, तळाच्या काही मिलिमीटर रुंद कड्याने. ब्रशच्या घर्षणाने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, रोध कमी होतो, त्यामुळे दगड लांब जातो आणि कमी वळतो. तगडे स्वीपर, म्हणजे ब्रश घासणारे, हाउसपर्यंत सोडलेला दगड तीन-चार मीटर पुढे नेऊ शकतात. ज्या दिशेने दगड फिरवून सोडला त्याच दिशेला तो वळतो. टेबलावर पालथा पेला फिरवत सरकवला तर तो नेमका उलटा जातो. असं का होतं यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. खेळाडूंचं त्यावाचून काही अडत नाही.

३. चार जागांपैकी मी कोणती निवडावी? स्किपच मोठा ना?

नाव स्किपचं, म्हणजे संघनायकाचं, छापून येतं, पण जागा स्वभाव आणि अंग बघून निवडावी. लीड पहिले दोन दगड टाकतो. त्याचं मुख्य काम म्हणजे हाउसच्या पुढे नेमक्या अंतरावर गार्ड, म्हणजे वाट अडवणारे दगड, ठेवणं. शिवाय संघाच्या आठ दगडांपैकी सहांना तो ब्रश मारतो, म्हणजे १० एंडच्या सामन्यात ६० वेळा. सेकंडचा स्वीपिंगचा भार तेवढाच. त्याच्याकडे बहुतेक वेळा जोरदार टेकआउट, म्हणजे समोरच्याचा दगड उडवणारे शॉट, येतात. थर्ड, म्हणजेच व्हाइस-स्किप, चार दगडांना ब्रश मारतो आणि स्किप दगड टाकत असताना हाउसमध्ये उभा राहून लक्ष्य दाखवतो. स्किप डावपेच ठरवतो.

स्किपनेच शेवटचा दगड टाकावा असा नियम नाही. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिंझोनीच्या संघात शेवटचे दगड अलिना पेट्झ टाकायची. या संघाने २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग चार जागतिक अजिंक्यपदं जिंकली (२०२० ची स्पर्धा रद्द झाली होती). आणि खालच्या जागेवरून वर जाता येतं: अमेरिकेच्या जॉन शुस्टरने २००६ मध्ये लीड म्हणून ऑलिंपिक कांस्य मिळवलं, १२ वर्षांनी स्किप म्हणून सुवर्ण.

४. सुरुवात कोणत्या वयात करावी? पंचविशीत केली तर उशीर झाला का?

अव्वल खेळाडूंपैकी बहुतेकांनी शाळेत असतानाच सुरुवात केलेली असते. कनिष्ठ जागतिक स्पर्धेची मर्यादा २१ वर्षांखालची. स्कॉटलंडच्या ईव्ह म्युरहेडने ती स्पर्धा चार वेळा जिंकली (२००७, २००८, २००९, २०११), आणि २०१३ मध्ये ती वरिष्ठ जगज्जेत्या संघाची स्किप होती.

पण या खेळात उतरती कळा उशिरा लागते. कॅनडाच्या केव्हिन मार्टिनने २०१० चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. जेनिफर जोन्सने ऑलिंपिक सुवर्ण ३९ व्या वर्षी आणि दुसरं जागतिक अजिंक्यपद ४३ व्या वर्षी मिळवलं. पंचविशीत सुरुवात करणाऱ्याला चांगला लीड किंवा सेकंड होता येतं, विशेषतः अंगात ताकद आणि दम असेल तर. डावपेचांची जाण मात्र शेकडो सामन्यांनंतर येते, तिथे उशीर जाणवतो.

५. क्लबपासून जागतिक अजिंक्यपदापर्यंतचा रस्ता कसा असतो?

देशागणिक वेगळा. कॅनडात संघ स्वतःच जमतो आणि प्रांताची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत जातो: पुरुषांची ब्रायर (१९२७ पासून), महिलांची स्कॉटीज. राष्ट्रीय विजेता जागतिक स्पर्धेत कॅनडा म्हणून उतरतो. ऑलिंपिकसाठी वेगळी निवड स्पर्धा असते, त्यामुळे जगज्जेता संघसुद्धा ऑलिंपिकला मुकू शकतो. ब्रिटनमध्ये महासंघाची निवड जास्त चालते; २०२२ च्या ऑलिंपिकचा महिला संघ नऊ जणींच्या तुकडीतून निवडला होता.

जागतिक स्पर्धेत १३ संघ असतात. प्रत्येक जण उरलेल्या बाराही जणांशी खेळतो, पहिले सहा बाद फेरीत जातात, त्यांतले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी १० देश. यजमानाची जागा ठरलेली, बहुतेक जागा आधीच्या जागतिक स्पर्धांतल्या कामगिरीवरून, आणि शेवटच्या दोन-तीन पात्रता स्पर्धेतून. म्युरहेडचा संघ २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेवार्डनला पात्रता स्पर्धा खेळून आत आला आणि दोन महिन्यांनी बीजिंगच्या अंतिम सामन्यात जपानला १०–३ हरवून सुवर्ण घेऊन गेला.

६. अजिंक्यपद जिंकल्यावर नोकरी सोडता येते का?

सरसकट नाही. बक्षिसाची रक्कम चौघा-पाचांत वाटली जाते आणि त्यातून प्रवास, बर्फाचं भाडं, प्रशिक्षक असा खर्च निघतो. जोन्स वकील आहे. स्वीडनची अनेट नॉरबर्ग विमागणिती. ऑलिंपिक सुवर्ण राखणारी ती पहिली स्किप (२००६ आणि २०१०). शुस्टर सुवर्ण जिंकण्याच्या काळात खेळसाहित्याच्या दुकानात काम करत होता. ब्रिटनमध्ये लॉटरीच्या निधीतून अव्वल खेळाडूंना पूर्णवेळ सराव करता येतो; त्यासाठी २०१७ मध्ये स्टर्लिंगला राष्ट्रीय अकादमी उघडली. कॅनडा आणि स्वीडनमध्येही आघाडीच्या संघांना अनुदान आणि प्रायोजक मिळतात, पण हा आधार निकालाला बांधलेला असतो. एक वाईट हंगाम आणि तो आटतो. त्यामुळे सुट्ट्या सांभाळून घेणारी नोकरी ही कर्लरची खरी मालमत्ता.

७. सरावात नेमकं काय करायचं असतं?

दगड टाकणं कमी आणि मोजणं जास्त. एका सत्रात ४० ते ६० दगड पुरतात; त्याहून जास्त टाकले की शरीर थकतं आणि चुकीची सवय पक्की होते. क्रम साधारण असा ठेवावा:

आधी रेषा. हॅकमध्ये, म्हणजे पाय टेकवायच्या आधारात, पाय रोवून दूरच्या एका खुणेकडे दहा-बारा दगड टाका आणि मागून व्हिडिओ घ्या. सरकताना शरीर आडवं वाहत असेल तर पाय मागे घेतानाच कंबर वाकडी झालेली असते. हात दुरुस्त करून उपयोग नाही.

मग सोडणं. हँडल घड्याळातल्या १० किंवा २ च्या दिशेला ठेवून निघायचं आणि १२ वर येताना सोडायचं. पूर्ण प्रवासात दगडाचे अडीच ते चार फेरे व्हावेत. फेरे कमी पडले तर दगड अर्ध्या वाटेत फिरणं सोडतो आणि भलतीकडे जातो. जास्त झाले तर वळतच नाही. शेवटच्या क्षणी हाताने ढकलणं ही सर्वांत सामान्य चूक. वेग पायाने द्यायचा. हाताने दिलेला दरवेळी वेगळा निघतो.

शेवटी वेग, ज्याला खेळाडू वेट म्हणतात. शीटच्या दोन्ही टोकांकडे एकेक आडवी हॉग लाइन असते; स्टॉपवॉच लावून त्या दोन रेषांमधल्या सुमारे २२ मीटर अंतराची वेळ मोजा. स्पर्धेच्या बर्फावर हाउसमध्ये थांबणारा ड्रॉ १४ ते १५ सेकंद घेतो, टेकआउट १० च्या आसपास. सोडतानाची वेळ मागच्या रेषेपासून जवळच्या हॉग लाइनपर्यंत मोजली जाते आणि तीवरून स्वीपर ब्रश मारायचा की नाही ठरवतात. ड्रॉमध्ये इथे दहाव्या हिश्श्याचा फरक पडला तरी दगड मीटरभर पुढे-मागे थांबतो. पेबल झिजत जातो तसे आकडेही बदलतात, म्हणून पहिल्या एंडची वेळ आठव्या एंडमध्ये प्रमाण धरू नये.

८. स्वतःचं साहित्य काय लागतं? दगड विकत घ्यायचा का?

दगड घ्यायचा नाही. ते रिंकचे असतात, मोठ्या स्पर्धेत आयोजकांचे. ग्रॅनाइट प्रामुख्याने स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटाचा आणि वेल्समधल्या ट्रेफोरचा. स्वतःचं लागतं ते एवढंच: एका तळाला टेफ्लॉन लावलेले बूट, दुसऱ्याला रबरी ग्रिपर, ब्रश आणि स्टॉपवॉच.

ग्रिपरकडे सर्वांचं दुर्लक्ष होतं. तो जुना झाला की रबराचे कण बर्फावर पडतात, दगडाखाली एखादा कण किंवा ब्रशचा केस आला की चांगला टाकलेला दगड एकदम कचतो आणि भलत्या रेषेवर जातो. हे नशीब नाही, बहुतेकदा आपल्याच संघाची घाण असते. दर हंगामाला ग्रिपर बदला आणि प्रत्येक दगड टाकण्यापूर्वी तळ पुसा.

९. ‘ब्रूमगेट’ काय होतं?

२०१५–१६ च्या हंगामात काही ब्रशांचं कापड इतकं खरखरीत झालं की एकट्या स्वीपरला दगड हवा तसा वळवता येऊ लागला, जवळपास लगाम धरल्यासारखा. टाकणाऱ्याच्या अचूकतेला किंमत उरेना, तेव्हा खेळाडूंनीच आवाज उठवला. २०१६ च्या मे महिन्यात ओंटारियोतल्या केम्पटव्हिलला चाचण्या झाल्या आणि जागतिक महासंघाने सर्वांसाठी एकच नायलॉनचं कापड ठरवून दिलं. स्पर्धेत सगळ्यांच्या ब्रशवर तेच पिवळट कापड दिसतं, त्याचं कारण हे. दिशा देणारं स्वीपिंग संपलं नाही. कोणत्या बाजूचा स्वीपर घासतो यावर अजूनही फरक पडतो, फक्त आवाक्यात.

१०. हॅमर म्हणजे काय, आणि त्यासाठी कधी कधी गुण का सोडतात?

एंडमधला शेवटचा दगड म्हणजे हॅमर. ज्याने गुण घेतले त्याच्याकडून हॅमर प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कुणालाच गुण मिळाला नाही तर तो होता त्याच्याकडेच राहतो, म्हणून एकच गुण पदरात पडणार असेल तर अनेक स्किप दगड हाउसबाहेर जाऊ देऊन एंड कोरा ठेवतात. हिशेब सोपा: हॅमर असताना दोन किंवा जास्त घ्यायचे, नसताना समोरच्याला एकावर रोखायचं.

एंडच्या पहिल्या पाच दगडांपर्यंत, हॉग लाइन आणि हाउसच्या मधल्या रेषेदरम्यान पण हाउसबाहेर असलेले प्रतिस्पर्ध्याचे गार्ड उडवून खेळाबाहेर काढता येत नाहीत. काढले तर टाकलेला दगड बाद आणि बाकीचे जागच्या जागी. पूर्वी ही मर्यादा चार दगडांची होती. पाच झाल्यापासून आघाडी घेऊन नुसतं झाडून काढत बसणं अवघड झालं, पिछाडीवरचा संघ जास्त वेळ जिवंत राहतो. खेळाच्या दृष्टीने हा अलीकडचा सर्वांत चांगला बदल.

११. पहिल्या एंडचा हॅमर नाणेफेकीने ठरतो का?

मोठ्या स्पर्धांत नाही. सामन्याआधीच्या सरावानंतर प्रत्येक संघाचे दोन खेळाडू एकेक दगड टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून, दुसरा उलट. मध्यबिंदूपासूनची दोन अंतरं मिळवतात. बेरीज कमी त्याला निवड. या अंतरांची स्पर्धाभराची सरासरीसुद्धा जपली जाते आणि साखळीत बरोबरी झाली, आपसातले निकालही उपयोगी पडले नाहीत, तर तीच क्रम ठरवते. अर्धा मीटर चुकलेला सरावाचा दगड आठवड्याच्या शेवटी बाद फेरीची जागा घालवू शकतो.

१२. अजिंक्यपदं शेवटच्या एका दगडावरच जिंकली जातात का?

लक्षात तेच राहतात. २००५ च्या स्कॉटीजच्या अंतिम सामन्यात जोन्सने बाजूच्या दगडावर आपटून आत वळवलेल्या शेवटच्या दगडाने चार गुण घेतले आणि सामना जिंकला. २००२ च्या ऑलिंपिकमध्ये रोना मार्टिनच्या ब्रिटिश संघाने शेवटच्या दगडावर स्वित्झर्लंडला ४–३ हरवलं. तो संघ बरोबरी सोडवणारे सामने खेळून कसाबसा बाद फेरीत आलेला होता. २०१८ मध्ये शुस्टरने स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या आठव्या एंडमध्ये एकदम पाच गुण घेतले.

पण पाच गुणांची संधी शेवटच्या दगडाने तयार होत नाही. त्याआधी स्वीडनचे दगड चुकले, अमेरिकेचे जागेवर बसले, आणि मग एक दुहेरी टेकआउट उरला. शुस्टरचा तो संघ साखळीत २ विजय आणि ४ पराभवांवर होता. तिथून एकही सामना हरला नाही. कारकीर्द अशी बघावी: किती वेळा शेवटचा दगड सोपा करून ठेवला. स्वीडनच्या निकलास एडिनने सात जागतिक अजिंक्यपदं (२०१३, २०१५, २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४) जिंकली, तरी ऑलिंपिकमध्ये तो २०१० ला चौथा, २०१४ ला कांस्य, २०१८ ला रौप्य असं चढत २०२२ मध्येच सुवर्णापर्यंत पोहोचला.

१३. खेळाडूची टक्केवारी कशी काढतात?

प्रत्येक दगडाला ० ते ४ गुण दिले जातात, स्किपने मागितलेला शॉट किती साधला यावरून. सगळ्यांना ४ म्हणजे १०० टक्के. फसगत इथे होते: सोपे शॉट मागणाऱ्या संघाची टक्केवारी फुगते, आणि हुकलेला दगड नशिबाने उपयोगी पडला तर तो आकड्यात दिसत नाही. लीडची तुलना लीडशीच करावी.

१४. एवढ्या सौम्य दिसणाऱ्या खेळात दुखापती कशाच्या?

एकाच बाजूला हजारो वेळा खोल बसण्याच्या. गुडघा, कंबरेचा सांधा आणि पाठ दगड टाकण्याने जातात, खांदा आणि मनगट स्वीपिंगने. म्युरहेडच्या कंबरेच्या सांध्यावर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. एडिन पाठ आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया सांभाळत खेळत आला. उपाय कंटाळवाणे आहेत: दोन्ही बाजूंचे लंज, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, आणि सरावात दगडांवर मर्यादा (प्रश्न ७). गरम न होता थेट बर्फावर उतरणं हे सर्वांत महागात पडतं.

१५. बाळंतपणानंतर परत येता येतं का? गरोदर असताना खेळता येतं?

दोन्हीची ठळक उदाहरणं आहेत. क्रिस्टी मूर २०१० च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाची राखीव खेळाडू होती, पाच महिन्यांहून जास्त गरोदर, आणि रौप्य घेऊन गेली. कॅनडाच्याच रेचल होमनने २०२१ ची स्कॉटीज आठव्या महिन्यात खेळून अंतिम सामना गाठला, पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं. जोन्सचं ऑलिंपिक सुवर्णही आई झाल्यानंतरचं. तोल बदलतो म्हणून बसण्याची पद्धत बदलावी लागते आणि स्वीपिंग कमी करावं लागतं. निर्णय डॉक्टरांना विचारूनच.

१६. जिंकणारे संघ फुटतात का?

कारकीर्द चार वर्षांच्या तुकड्यांत चालते. ऑलिंपिक झालं की करार संपतात, कुणी निवृत्त होतो, कुणाला वरची जागा हवी असते. त्या वसंतात निम्मे खेळाडू नव्या संघांत दिसतात. भांडण हेच कारण असतं असं नाही; चौघांचं वय, नोकरी आणि ध्येय एकाच वेळी जुळणं अवघड. कॅनडाच्या कॅटलिन लॉसने २०१४ चं सुवर्ण जोन्सची थर्ड म्हणून आणि २०१८ चं जॉन मॉरिसबरोबर मिश्र दुहेरीत जिंकलं.

१७. मिश्र दुहेरी म्हणजे तोच खेळ दोघांत?

बराच वेगळा. ८ एंड, प्रत्येकी पाच दगड, आणि दोन्ही संघांचा एकेक दगड आधीच ठेवलेला. पहिला आणि पाचवा दगड एक जण टाकतो, मधले तीन दुसरा. चौथा दगड टाकण्याआधी कुणाचाही दगड खेळाबाहेर काढता येत नाही. सामन्यात एकदा, हॅमर असताना, ठेवलेले दगड बाजूला घेऊन पॉवर प्ले घेता येतो, पण जादा एंडमध्ये नाही. कोरा एंड ठेवला तर हॅमर जातो, म्हणजे प्रश्न १० मधली युक्ती इथे उलटी पडते. २०२२ मध्ये इटलीच्या स्तेफानिया कॉन्स्तांतिनी आणि आमोस मोसानेर यांनी ११ पैकी ११ सामने जिंकून सुवर्ण घेतलं.

१८. सरकत्या दगडाला चुकून ब्रश किंवा पाय लागला तर?

दगड जळाला असं म्हणतात, आणि ज्याच्याकडून झालं त्याने लगेच सांगावं अशी अपेक्षा असते. स्वतःच्या संघाकडून दोन हॉग लाइनच्या मध्ये लागला तर दगड लगेच उचलायचा. पलीकडच्या हॉग लाइननंतर लागला तर सगळं थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग समोरचा संघ ठरवतो: दगड काढून बाकीचे पूर्ववत, आहे तसं राहू द्या, किंवा न लागता जिथे गेला असता तिथे ठेवा. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये होमनने डेन्मार्कचा असा दगड काढला. नियमात पूर्ण बसणारा निर्णय, तरी टीका झाली, कारण निरुपद्रवी स्पर्श असेल तर दगड राहू द्यावा अशी रीत आहे. आमच्या मते नियमाने दिलेला पर्याय वापरणं गैर नाही. फक्त त्या सामन्यात समोरच्याकडून सवलतीची अपेक्षा ठेवू नये.

१९. हॉग लाइनचा निर्णय पंच डोळ्यांनी देतात का?

मोठ्या स्पर्धांत हँडलमध्ये संवेदक असतो. रेषेआधी हात सुटला तर हिरवा दिवा, नाही तर लाल, आणि दगड बाद. त्या हँडलला उघडा हात लागावा लागतो, म्हणून हातमोजा घालून टाकायची सवय असलेल्यांनी ती महिनाभर आधी मोडावी. साध्या क्लब सामन्यात निर्णय डोळ्यांनीच होतो.

२०. कर्लिंगमध्ये उत्तेजक चाचणी होते का?

होते, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २०१८ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर क्रुशेल्नित्स्कीच्या नमुन्यात मेल्डोनियम सापडलं, मिश्र दुहेरीचं कांस्य काढून घेतलं गेलं आणि नॉर्वेच्या जोडीला मिळालं. जोडीदार निर्दोष असली तरी पदक दोघांचंही जातं. सर्दी-दम्याची साधी औषधंसुद्धा यादीत तपासून घ्या, आणि गरजेचं औषध बंदी यादीत असेल तर उपचारासाठीची सवलत लेखी आणि आधी मागा.